ठेव कोणाच्या हाती?

१९९६ सालचा जानेवारी महिना. मी त्या वेळी गोरेगावच्या सेमिनरीत ईशज्ञानाचा अभ्यास करीत होतो आणि नाताळची सुटी संपवून परतण्यापूर्वी दोन दिवस घरी होतो. वडिलांनी पवित्र हृदयाच्या तसबिरीमागून बिस्किटांचा जुना डबा काढला आणि त्यातील कागद माझ्यापुढे ठेवले. ती इंदिरा विकास पत्रे होती. १९९० च्या जुलैत त्यांनी दहा हजार रुपयांची पत्रे घेतली होती, आणि साडेपाच वर्षांची मुदत भरून आता त्यांचे वीस हजार झाले होते. त्या पत्रांवर धारकाचे नाव नसे. कागद हरवला की पैसा गेला. म्हणून वडिलांनी तो डबा येशूच्या पाठीमागे ठेवला होता. पैसे होते माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी.

प्रश्न साधा होता : मुदत संपली, आता हे पैसे कुठे ठेवायचे? पुन्हा पोस्टात, सहकारी बँकेच्या मुदत ठेवीत की तिसऱ्या एका ठिकाणी? हे तिसरे ठिकाण म्हणजे एक वित्त कंपनी. तिचा प्रतिनिधी आमच्या दूरच्या नात्यातला, दर रविवारी मिस्साला येणारा माणूस. त्याने गुळगुळीत कागदावर छापलेले पत्रक आणून दिले होते. बँकेपेक्षा कितीतरी चढे व्याज, दर तीन महिन्यांनी घरपोच धनादेश, शिवाय भिंतीवरचे घड्याळ भेट. वडील मला म्हणाले, “तू शिकलेला आहेस. ही कंपनी कशी आहे, तूच सांग.” मी पत्रक चाळले आणि म्हणालो, “व्याज जास्त आहे, माणूसही आपलाच आहे. काय हरकत आहे?”

वडिलांनी विचारले होते ते कंपनीविषयी. मी उत्तर दिले ते व्याजाविषयी. पहिले चार धनादेश वेळेवर आले. १९९७ च्या एप्रिलमध्ये पाचवा आला नाही आणि मे महिन्यात कार्यालयाला कुलूप लागले. बहिणीचे लग्न आईच्या दोन पाटल्या गहाण ठेवून पार पडले. घड्याळ मात्र पुढे बरीच वर्षे चालत होते.

माझ्या मनाला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. त्याच वर्षी नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही ख्रिस्तसभेची व्याजाविषयीची शिकवण शिकत होतो. वहीत सगळे उतरवून घेतले होते, परीक्षेत गुणही चांगले मिळाले. परंतु पंधराशे वर्षांच्या त्या वादाचा आमच्या घरातील बिस्किटांच्या डब्याशी काही संबंध असेल, हे माझ्या ध्यानात आले नाही. तो संबंध आज वाचकांपुढे मांडावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आपल्या भाषेत ‘दामदुप्पट’ हा शब्द आता आमिष म्हणून वापरला जातो. मुळात तो सावकाराला घातलेला बांध होता. हिंदू धर्मशास्त्रातील दामदुपटीच्या नियमानुसार कोणत्याही एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू शकत नसे, आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही हा नियम मानला होता. जो शब्द ऋणकोचे रक्षण करण्यासाठी जन्मला, तोच पुढे ठेवीदाराला भुलविण्यासाठी वापरला गेला. शब्दांचाही असा ऱ्हास होतो.

पवित्र शास्त्रातही हा बांध आहे. निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात गरिबाला दिलेल्या कर्जावर व्याज आकारू नये अशी आज्ञा आहे, आणि लगेच पुढच्या ओळीत, शेजाऱ्याचे पांघरूण गहाण घेतले असेल तर ते सूर्यास्तापूर्वी परत करावे असे सांगितले आहे. कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याकडे दुसरे काही नसते. येथे आज्ञेच्या डोळ्यांपुढे टक्केवारी नाही, थंडीने कुडकुडणारा माणूस आहे. दुसरीकडे, संत मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील दृष्टांतात, धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाला धनी विचारतो की, ते निदान पेढीवाल्यांकडे का ठेवले नाहीस? म्हणजे धन पुरून ठेवणे हीही निष्ठा नव्हे. ह्या दोन वचनांच्या मधल्या वाटेने ख्रिस्तसभा अनेक शतके चालत आली.

आरंभी ती वाट फार कडक होती. ३२५ सालच्या नायसियाच्या विश्वपरिषदेने धर्मगुरुवर्गाला व्याजबट्ट्याचा धंदा करण्यास मनाई केली. ११७९ सालच्या तिसऱ्या लॅटरन विश्वपरिषदेने उघड उघड सावकारी करणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारले. तरी गरिबाची गरज काही नाकारता येत नव्हती. पेरणी, आजारपण आणि मुलीचे लग्न विश्वपरिषदेच्या ठरावांसाठी थांबत नाहीत.

ह्या अडचणीतून वाट काढली ती इटलीतील फ्रान्सिस्कन बंधूंनी. १४६२ साली पेरूजा येथे त्यांच्या प्रेरणेने ‘मोन्ते दी पिएता’ म्हणजे ‘करुणेची रास’ उभी राहिली. सधन लोकांनी दिलेल्या पैशांची ही रास. तिच्यातून गरिबाने वस्तू गहाण ठेवून अल्प दराने कर्ज न्यावे, अशी योजना होती. हा अल्प दर तरी का, यावरून मोठे वादंग माजले. बेर्नार्दिनो दा फेल्त्रे ह्या फ्रान्सिस्कन प्रवचनकाराचे म्हणणे असे की, कारकुनाचा पगार आणि जागेचे भाडे निघाले नाही तर रास आटून जाईल आणि गरीब पुन्हा सावकाराच्या दारी जाईल. अनेक डॉमिनिकन पंडितांनी ह्याला विरोध केला. अखेर १५१५ साली पाचव्या लॅटरन विश्वपरिषदेत परमगुरू लिओ दहावे ह्यांनी निर्णय दिला : संस्थेचा खर्च भागविण्यापुरता आकार घेणे हे पाप नव्हे. ह्या चळवळीला एक काळी बाजूही होती. तिच्या प्रचारकांनी, आणि त्यांत स्वतः बेर्नार्दिनोही होते, यहुदी सावकारांविरुद्ध द्वेष पसरविला. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतरच्या आपल्या पिढीने ते लपवून ठेवू नये.

फ्लॉरेन्सच्या मोन्तेने सोळाव्या शतकात आणखी एक पाऊल टाकले. तिथे लोक आपली बचत ठेवू लागले आणि तिच्यावर त्यांना शेकडा पाच व्याज मिळू लागले. आपण ज्याला ठेव म्हणतो ती अशा रीतीने एका धर्मादाय गहाणखान्यातही रुजली. ठेवीदाराचा पैसा आत जाई आणि दुसऱ्या खिडकीतून कोणा विधवेच्या हाती कर्जाच्या रूपाने बाहेर पडे.

पुढे १ नोव्हेंबर १७४५ रोजी परमगुरू बेनेडिक्ट चौदावे ह्यांनी ‘विक्स पेर्वेनित’ हे परिपत्रक इटलीच्या बिशपांना धाडले. निमित्त होते वेरोना शहराने शेकडा चार दराने उभारलेले कर्ज. परमगुरूंनी जुना सिद्धांत सोडला नाही : केवळ उसने दिले म्हणून अधिक मागण्याचा हक्क निर्माण होत नाही. मात्र देणाऱ्याचे नुकसान होत असेल, त्याचा रास्त लाभ बुडत असेल किंवा पैसा एखाद्या उद्योगात गुंतविलेला असेल, तर मोबदला घेण्यास स्वतंत्र कारण असू शकते, हेही त्यांनी मान्य केले. एकोणिसाव्या शतकात रोमने कबुलीजबाब ऐकणाऱ्या धर्मगुरूंना कळविले की, कायद्याने ठरलेले माफक व्याज घेणाऱ्या भाविकांना त्रास देऊ नये.

परीक्षेपुरते पाहिले तर ‘ख्रिस्तसभेने आधी व्याज निषिद्ध मानले, नंतर मान्य केले’ एवढेच ह्या इतिहासाचे सार निघते. मीही तेवढेच लिहिले होते. परंतु नीट वाचले म्हणजे दिसते की, ह्या सगळ्या वादात ‘किती टक्के?’ हा प्रश्न नेहमी शेवटी येतो. त्याआधी दोन प्रश्न असतात : पैसा कोणाच्या हाती आहे? आणि तो कोणाच्या कामी येतो आहे?

आपल्या प्रदेशात हे दोन प्रश्न शेतकऱ्यांनी विचारले ते आगीच्या ज्वाळांतून. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जरोखे जाळले. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. पण कायदा सावकाराचा हात धरू शकतो, शेतकऱ्याच्या हाती पैसा देऊ शकत नाही. तो देणारी व्यवस्था जर्मनीतून आली. फ्रीडरिश राइफायझेन हा प्रॉटेस्टंट पंथाचा, ऱ्हाइनच्या खोऱ्यातील एका लहान गावाचा नगराध्यक्ष. १८६४ साली त्याने हेडेसडोर्फ येथे पतसंस्था स्थापन केली. तिचे क्षेत्र लहान, सभासद एकमेकांना ओळखणारे आणि संस्थेच्या कर्जाची जबाबदारी सर्वांवर अमर्याद. शेजाऱ्याने कर्ज कशासाठी घेतले आणि त्याने खरोखरच गाय घेतली की नाही, हे सगळ्या गावाला दिसत असे. तारण होते ते शेजाऱ्याच्या डोळ्यांचे.

भारतात १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्यानंतर छोटा नागपूरमध्ये फादर जॉन हॉफमन ह्या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी १९०९ साली आदिवासी ख्रिस्ती बांधवांसाठी कॅथॉलिक सहकारी पतसंस्था उभारली. आपल्या वसईत १९१८ साली मॉन्सिन्यॉर पी. जे. मोनीस ह्या धर्मगुरूंच्या पुढाकाराने कॅथॉलिक सहकारी पतसंस्था सुरू झाली. तीच पुढे बँक झाली. केळी, पानवेल आणि फुले पिकविणाऱ्या आपल्या आजोबांच्या हाती रोकड येई ती हंगामाला, आणि गरज मात्र बारमाही. त्यांनी आपले आणे आणि रुपये अशा संस्थांत ठेवले ते चढ्या व्याजासाठी नव्हे. आपला पैसा शेजारच्या वाडीतील विहिरीला लागतो आहे आणि उद्या आपल्या विहिरीला लागेल, हे त्यांना समोर दिसत होते.

येथे थांबलो असतो तर हा लेख गोड झाला असता. पण ‘माणूसही आपलाच आहे’ हे माझे वाक्य मला थांबू देत नाही. आपले नाव, आपला धर्म आणि आपली माणसे एवढ्याने ठेव सुरक्षित होत नाही, हेही इतिहास तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

खुद्द रोममधील मोन्ते दी पिएताचा संचालक मार्केझे काम्पाना हा प्राचीन कलावस्तूंचा नामवंत संग्राहक होता. त्याने स्वतःचा संग्रह तारण ठेवून संस्थेतूनच अफाट पैसा उचलला आणि नोव्हेंबर १८५७ मध्ये त्याला अटक झाली. करुणेच्या राशीलाही कुलूपकिल्ली लागते. १८९६ साली मिलानमध्ये ज्युझेप्पे तोविनी ह्या श्रद्धावान वकिलाने संत आंब्रोझ ह्यांच्या नावाने ‘बांको आंब्रोसियानो’ ही बँक स्थापन केली. तिचा भागधारक होण्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला आणि धर्मगुरूचे शिफारसपत्र लागे. तोविनी पवित्र जीवन जगले. १९९८ साली परमगुरू जॉन पॉल दुसरे ह्यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. परंतु त्यांच्या बँकेचा पैसा पुढे परदेशांतील नामधारी कंपन्यांत फिरला आणि १९८२ साली ती कोसळली. तिच्याशी संबंध असलेल्या व्हॅटिकनच्या वित्तसंस्थेने १९८४ साली धनकोंना सुमारे २४ कोटी डॉलर दिले. ज्या संत आंब्रोझांनी सावकारीविरुद्ध ग्रंथ लिहिला, त्यांच्या नावाचीच ही बँक! बाप्तिस्म्याचा दाखला भागधारकांकडून घेतला गेला. हिशेबाचा दाखला मात्र कोणी वेळेवर मागितला नाही.

आपल्या देशातही तेच घडले. केरळमधील पालाई सेंट्रल बँक १९२७ साली स्थापन झाली. सीरियन कॅथॉलिक समाजातील मंडळींनी वाढविलेली ही बँक त्या राज्यातील मोठी बँक होती. ८ ऑगस्ट १९६० रोजी रिझर्व्ह बँकेच्या अर्जावरून न्यायालयात तिच्या अवसायनाची कारवाई सुरू झाली आणि हजारो घरांतील बचत एका दिवसात अडकली. त्याच वर्षी आपल्याकडे अकोल्याची लक्ष्मी बँकही बुडाली. ह्या दोन धक्क्यांतून ठेवींच्या विम्याचा कायदा आला आणि १ जानेवारी १९६२ रोजी ठेव विमा महामंडळ सुरू झाले. विम्याचे संरक्षण आरंभी दर ठेवीदारास १,५०० रुपये होते. ते १९९३ साली एक लाख आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाले. १९६८ च्या दुरुस्तीने सहकारी बँकांनाही ह्या कायद्याच्या कक्षेत येण्याची वाट मोकळी झाली.

हे आकडे पालकांनी मुलांना समजावून सांगावेत. पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरले जातात. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे ठेवले तरी त्यांची बेरीज एकच होते. शिवाय हा विमा बँकांना आहे. वित्त कंपनीतील ठेवीला तो नाही आणि गावोगावच्या पतपेढ्यांनाही नाही, मग पाटीवर कोणत्याही संताचे नाव असो. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आले, तेव्हा खातेदाराला सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढता येतील असा पहिला आदेश होता. ही मर्यादा पुढे वाढविली गेली. पण औषधाचे बिल आणि मुलांची फी भरू न शकणाऱ्यांच्या रांगा आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या.

माझ्या वडिलांना ज्या मोहाने गाठले, त्यालाही पार्श्वभूमी आहे. १९९१-९२ च्या सुमारास बँकांच्या मुदत ठेवींवर शेकडा तेरापर्यंत व्याज मिळे आणि त्याची कमाल मर्यादा रिझर्व्ह बँक ठरवीत असे. १९९७ पर्यंत टप्प्याटप्प्याने हे दर ठरविण्याची मोकळीक बँकांना मिळाली. २००३-०४ मध्ये हेच दर शेकडा पाच-सहाच्या घरात आले. निवृत्त शिक्षकाला किंवा विधवेला मुदत संपल्यावर हाती आलेली नवी पावती जुन्या पावतीच्या निम्मीच वाटू लागली. अशा वेळी माणूस जुना दर शोधत बाहेर पडतो, आणि तो देऊ करणारा कोणीतरी दाराशी उभाच असतो. बचतीच्या इतिहासात लोक बुडाले ते बहुधा लोभाने नव्हे. कालचा दर आजही मिळावा, ह्या साध्या आशेने बुडाले.

म्हणून रविवारच्या मिस्सानंतर कोणी पावती घेऊन माझ्याकडे येतो, तेव्हा मी त्याला बँकेचे नाव सांगत नाही. ते माझे काम नव्हे. मी त्याला तीन प्रश्न ह्याच क्रमाने विचारायला सांगतो. पैसा कोणाच्या हाती जातो आहे, त्याचा लेखापरीक्षित ताळेबंद तुम्ही पाहिला आहे काय, आणि तो बुडाल्यास भरपाई कोण देणार? तो पैसा पुढे कोणाच्या कामी लागणार? आणि मग, शेवटी, दर किती? परमगुरू जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९१ च्या ‘चेंतेसिमुस आन्नुस’ ह्या परिपत्रकात शिकविले आहे की, पैसा एका ठिकाणी न गुंतविता दुसऱ्या ठिकाणी गुंतविण्याचा निर्णय हा नेहमीच नैतिक निर्णय असतो. आमच्या घरातील डबा १९९६ साली उघडला तेव्हा ते परिपत्रक सेमिनरीच्या ग्रंथालयात होते.

आणि हा निर्णय टाळण्यातही सुटका नाही. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२१ च्या नियमानुसार मुदत संपलेली ठेव कोणी मागितली नाही, तर तिला ठरलेला दर किंवा बचत खात्याचा दर, ह्यांपैकी जो कमी असेल तो मिळतो. दहा वर्षे पडून राहिलेला पैसा रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागृती निधीत जातो. तो हक्काने परत मागता येतो. पण मागणाराच उरला नाही तर? दृष्टांतातील दासाने पुरून ठेवलेल्या धनाची ही आजची गत.

माझ्या आईच्या पाटल्या तीन वर्षांनी सुटल्या. त्या सोडविताना वडिलांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते. त्यानंतर फुलांच्या विक्रीतून साठलेले थोडे पैसे त्यांनी एका सहकारी बँकेत ठेवले, सभासद झाले आणि दर वर्षी तिचा छापील अहवाल घरी आणू लागले. चौथीपर्यंत शिकलेले माझे वडील त्या अहवालातील एकेका ओळीवर बोट ठेवून वाचीत. एका वर्षी मी सुटीवर असताना त्यांच्याबरोबर वार्षिक सभेला गेलो. अहवाल मंजूर करण्यासाठी हात वर होत असताना ते उठून उभे राहिले आणि त्यांनी विचारले, “गेल्या वर्षीपेक्षा थकबाकी वाढलेली दिसते. ती कोणाकडची आहे?”

सभेत क्षणभर शांतता पसरली. अध्यक्षांनी चष्मा लावला आणि ते पान काढले.